चकतीवर चकती

पिकअपचं पुढचं नाक दोन इंच उचलायचं असेल तर दोन मार्ग आहेत. एक स्वस्त आणि दोन तासांचा. दुसरा महाग, आणि माल पुण्याहून मागवावा लागतो म्हणून तीन दिवसांचा. पहिला मार्ग चुकीचा नाही. तो चुकीचा कधी ठरतो हे मला पुस्तकी माहीत होतं. एक माणूस विहिरीत अडकला तेव्हा ते नीट कळलं.

धाराशिव शहराच्या कडेला माझं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं गॅरेज आहे. आता ते पुतण्या चालवतो, मी सकाळी जाऊन बसतो. गॅरेजच्या आधी चार वर्षं मी एका जिल्हा दैनिकात वार्ताहर होतो. पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं लिहायचं, ही सवय तिथं लागली. इथंही तसंच लिहितो. त्या माणसाचं विहिरीच्या आत काय झालं ते ऐकलेलं आहे. काठावर काय झालं, त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे.

आधी गाडीविषयी. नवी पिकअप सपाट जागेवर उभी करून बाजूनं पाहा. शेपूट वर आणि नाक खाली दिसेल. ती तशीच बनवलेली असते. मागं माल भरला की शेपूट बसतं आणि गाडी समतल होते. माल न भरता मिरवणाऱ्यांना हे आवडत नाही. एकदा एक तरुण पुढारी आला. त्याच्या वाढदिवसाच्या फलकावर गाडीचा फोटो छापायचा होता. "मिस्त्री, फोटोत गाडी मान खाली घालून उभी दिसतीया. विरोधक हसतेल," असं त्याचं म्हणणं. मी नाक एक इंच उचलून दिलं. फलक लागला, गाडी अजून धावते आहे, तक्रार नाही.

उलटंही होतं. भूमच्या एका खव्याच्या व्यापाऱ्यानं कुणाचं तरी पाहून नाक उचलून घेतलं होतं. मागं खव्याच्या पाट्या भरल्या की शेपूट बसायचं आणि नाक आभाळाकडं जायचं. तो माझ्याकडं आला तेव्हा म्हणाला, "लाइट लावला की झाडावरची माकडं दिसतात, रस्ता दिसत न्हाय." मी त्याच्या चकत्या काढून त्याच्याच हातात दिल्या.

चकती म्हणजे काय, ते सांगतो. पुढच्या प्रत्येक चाकामागं एक शॉकअप असतो आणि त्याच्याभोवती जाड स्प्रिंग असते. दोन्ही मिळून स्ट्रट. स्ट्रटचं डोकं वर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसतं, पाय खाली आर्मला. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात. या हाताच्या टोकाला, चाकाजवळ, बॉल जॉइंट असतो. खांद्यात जसा गोळा फिरतो तसा तो फिरतो, आणि खांद्यासारखीच त्यालाही मर्यादा असते.

चकती स्ट्रटच्या डोक्यावर बसते. स्ट्रट तितका खाली ढकलला जातो आणि गाडी वर उचलली जाते. आर्म तरफेसारखा असल्यामुळे चार सुतांची चकती घातली तर चाकापाशी जवळजवळ एक इंच फरक पडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडं लेथवाले अजून याच मापात बोलतात. चकती लावताना स्प्रिंग तीच राहते, शॉकअप तोच राहतो. गाडी उंच होते, बळकट होत नाही. आणि स्ट्रट आधीच खाली ढकलल्यामुळे खड्ड्यात चाकाला लोंबायला जी जागा हवी, ती कमी होते. एका चकतीपुरती ती जागा द्यायला हरकत नसते.

दुसरा मार्ग म्हणजे आख्खा स्ट्रट बदलणं. लांब शॉकअप, जाड स्प्रिंग. उंची मिळते आणि लोंबायची जागाही राहते. ज्याच्या गाडीत पुढं कायमचं वजन आहे त्यानं हेच करावं. ज्याला फोटो काढायचा आहे त्याला चकती पुरे. इतका साधा हिशेब आहे. तरीही दहातले नऊ गिऱ्हाईक चकती घेतात, आणि दहावा स्ट्रट घेतो तो बहुधा चकती लावून पस्तावलेला असतो.

दत्ता त्या नवांपैकी एक.

तो तेरच्या बाजूचा. वय चौतीस-पस्तीस, बोलायला चटपटीत. त्याच्याकडं दोन केबिनची पिकअप होती, पुढं लोखंडी गार्ड आणि त्यावर विंच. विंच म्हणजे बॅटरीवर चालणारा रहाट, त्यावर तारेचा दोर गुंडाळलेला. त्याचा धंदा विहिरीतल्या आणि बोअरमधल्या मोटरी काढण्याचा आणि परत सोडण्याचा. भागीदार मेहबूबभाई. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं वाळकुडे, हात मात्र पान्यासारखे. दत्ता गाडी आणि विंच सांभाळायचा. मेहबूबभाई खाली उतरायचे.

पहिल्यांदा आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. गार्ड आणि विंच मिळून पुढं मोठं वजन झालं होतं आणि नाक बसलं होतं.

"मिस्त्री, बांध चढताना गार्ड घासतोय. नाक उचलून द्या," दत्ता म्हणाला.

"वजन कायमचं पुढं आहे. तुला चकती नको, स्ट्रट पाहिजे."

"त्याला किती दिवस?"

"तीन."

"तीन दिस गाडी उभी? आज चार मोटरी हायेत मिस्त्री. लोकं मला विहिरीत ढकलतेल."

बाकावर बसलेले मेहबूबभाई म्हणाले, "ढकलणार न्हाईत. ढकललं तर तुला काढायला परत आपल्यालाच बोलवावं लागंल."

दत्ता हसला, मीही हसलो, आणि त्या हसण्यात मी हरकत सोडून दिली. चार सुतांची चकती दोन्ही बाजूंना बसवली. नाक इंचभर वर आलं. "याच्या वर जायचं नाही," असं सांगितलं. दत्ता "व्हय" म्हणाला. गाडी गेली.

महिना-दीड महिन्यानं नाक पुन्हा बसलं. ते बसणारच होतं, स्प्रिंगला वजन पेलत नव्हतं. दत्ता माझ्याकडं आला नाही. ढोकीला कारखान्याच्या गाड्यांची कामं करणारा एक लेथवाला होता, त्याच्याकडून त्यानं आणखी एक जोडी करून घेतली. माझीच चकती नमुना म्हणून दाखवली, म्हणजे तीही चार सुतांची. ती माझ्या चकतीखाली बसवली. लेथचं काम सुबक होतं, त्यात दोष काढता येणार नाही. त्याला चकती मागितली, त्यानं चकती दिली.

हे मला कळलं ते दत्ता टायर आतून झिजतात म्हणून अलाइनमेंटला आला तेव्हा. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली. बॅटरी पेटवून खालून पाहिलं. चकतीवर चकती. आर्म खाली झुकलेला, बॉल जॉइंटची पिन अगदी कडेला टेकलेली, त्यावरचं रबर चिरलेलं. चाकाचा कोन बसत नव्हता. बसेल तितका बसवला.

दत्ताला खाली बोलावून बोटानं दाखवलं.

"हे काढ. आज काढ."

"पुढच्या आठवड्यात काढतो मिस्त्री. आता मळे जळायलेत लोकांचे."

"पिन निसटली तर चाक आडवं पडेल."

"सावकाश चालवतो."

मी कामाच्या कार्डावर लिहिलं: 'दुसरी चकती आमची नाही. काढून टाकण्याची सूचना ग्राहकास दिली.' त्यावर दत्ताची सही घेतली. मेहबूबभाई तेव्हा दहा पावलांवर पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. गाडी दत्ताची, सही दत्ताची. मला वाटलं, काम पुरं झालं.

नवव्या दिवशी दुपारी दत्ताचा फोन आला.

"मिस्त्री, चाक मोडलं."

"कुठल्या रस्त्यावर?"

"रस्त्यावर न्हाय. विहिरीवर. मेहबूबभाई खाली हायेत."

मी उठून उभा राहिलो. पुढचं बोलणं आठवतं तसं देतो.

"इंजिन?"

"बंद केलंय."

"चालू करू नको. स्टिअरिंगला हात लावू नको. विंचचं बटण काढून खिशात घाल, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको. गाडीचं तोंड विहिरीकडं आहे?"

"व्हय. उतार बी तिकडंच हाय."

"मागच्या चाकांपुढं दगड लावा, मोठे. ट्रॅक्टर आहे?"

"हाय. वढू का मागं?"

"नाही! मागं साखळी बांधून फक्त ताठ ठेवा. ओढलं तर तारही ओढली जाईल. ते कसे आहेत?"

"वरडायलेत," दत्ता म्हणाला.

दोन जॅक, लाकडाचे डझनभर ठोकळे आणि साखळीचा कप्पा मी गाडीत टाकला. अर्ध्या तासाचा रस्ता. या अर्ध्या तासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच आहे, की मला ती पिन दिसत होती, कडेला टेकलेली, चिरलेल्या रबरातून.

विहीर तेरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. मालकीण सुमनबाई, साठीतल्या, एकट्या शेती बघणाऱ्या. विहीर दहा परस खोल, म्हणजे पन्नास-साठ फूट, आणि तळाला आणखी बोअर घेतलेला. मोटर त्या बोअरमध्ये रुतली होती. काठावर लोखंडी तिकाटणं, म्हणजे तीन पायांची घोडी, त्याला कप्पी. पिकअप विहिरीकडं तोंड करून, खोदकामाच्या जुन्या मुरमाच्या ढिगावर उभी. विंचची तार कप्पीवरून खाली. मेहबूबभाई लोखंडी पाळण्यात बसून खाली गेले, मोटरच्या पाइपाला पकड लावली आणि पाळणाही त्याच आकड्याला ठेवून वर घ्यायला सांगितलं. पाइप वर येताना भिंतीला घासू नये म्हणून माणूस त्याच्याबरोबरच वर येतो. असं करू नये हे त्यांना माहीत असतं. मोटरी काढणारे सगळे असंच करतात.

विंच ओढू लागली तेव्हा मोटर सुटेना. तार कप्पीकडं वर जात असल्यामुळे ओढ बसली तसं गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि पुढची चाकं लोंबली. दोन चकत्यांनी लोंबायची जागा आधीच खाल्ली होती. मग मोटर एकदम सुटली. नाक धाडकन खाली आलं. उजवीकडची पिन निसटली, चाक आडवं झालं आणि गाडी मुरमावरून हातभर विहिरीकडं सरकली. जेवढी गाडी सरकली तेवढा पाइप आणि पाळणा खाली गेला. झटक्यानं पाइप तिरका झाला आणि मेहबूबभाईंचा डावा पाय पाइप आणि पाळण्याच्या दांडीमध्ये सापडला.

मी पोचलो तेव्हा गाडीचा पुढचा गार्ड विहिरीच्या काठापासून दीड हातावर होता. दगड लावलेले होते. ट्रॅक्टरची साखळी ताठ होती. गावकऱ्यांनी झाडाला बांधून सोल, म्हणजे जाड दोर, खाली सोडला होता आणि मेहबूबभाईंनी तो कमरेला बांधून घेतला होता. त्यामुळे ते पडणार नव्हते. पण पाय सोडवायचा तर पाइप चार बोटं वर उचलायला हवा होता. तो विंचनंच उचलला जाणार, आणि विंच ओढली तर तीन चाकांवरची गाडी उतारावर थांबेल याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. गाडी आणखी सरकली असती तर पाइपाचं सगळं वजन त्या पायावर गेलं असतं. अग्निशमनच्या गाडीला कळवलं होतं. ती वाटेत होती.

सुमनबाई काठावर पालथ्या पडून खाली बघत बोलत होत्या. अखंड बोलत होत्या.

"मेहबूबभाई, डोळे उघडे ठेवा. तुमच्या धाकटीला कुठं दिली म्हणला?"

खालून आवाज आला. "तुळजापूरला."

"जावई काय करतोय?"

"मावशी, जावयाचं नंतर विचारा. आधी त्या मिस्त्रीला विचारा, आला का न्हाय."

"आलोय," मी ओरडलो.

"लवकर करा. पाय माझाच हाय, भाड्याचा न्हाय."

दत्ता माझ्या मागं मागं फिरत होता. "वढू का मिस्त्री? ट्रॅक्टरनं हळूच वढू का?" चार वेळा विचारलं. पाचव्या वेळी मी त्याला ट्रॅक्टरवर नेऊन बसवलं, पाय ब्रेकवर ठेवायला सांगितला आणि म्हणालो, "इथून उतरायचं नाही. हे तुझं काम." माणसाच्या हाताला काम नसलं की तो चुकीचं काम करतो.

गाडीला चाकाची जागा ठोकळ्यांनी भरून द्यायची, एवढाच उपाय होता. चासी उचलायची, खाली ठोकळे रचायचे, म्हणजे गाडी गाडी न राहता ओटा होते. मी पहिला जॅक चासीखाली लावला. दोन दणके दिले. गाडी उचलली गेली नाही. जॅक मुरमात रुतला. तिसऱ्या दणक्याला तो तिरका झाला आणि गाडी सरकली. फार नाही, दोन बोटं. खालून जो आवाज आला तो शब्द नव्हता.

सुमनबाईंचं बोलणं थांबलं.

मी गाडीखाली होतो. माझा हात जॅकवर होता आणि तो काढावा की ठेवावा हे मला ठरवता येईना. काढला असता तर गाडी आणखी सरकली असती, कदाचित नसतीही. मी ठेवला. बाहेर ओरडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फळका काढायला सांगितला. लोखंडी, रुंद. तो मुरमावर आडवा टाकला, त्यावर दोन ठोकळे, त्यावर दुसरा जॅक. या वेळी वजन फळक्यावर पसरलं. जॅक रुतला नाही. चासी बोटभर उचलली, ठोकळा सरकवला. पुन्हा बोटभर, पुन्हा ठोकळा. पहिला जॅक मोकळा करून त्याच फळक्यावर डाव्या बाजूला लावला. दोन्ही बाजूंना चार-चार ठोकळे झाले तेव्हा मी गाडीखालून बाहेर आलो आणि गार्डला खांदा लावून ढकलून पाहिलं. गाडी ढिम्म होती.

"दत्ता, विंचचं बटण."

त्यानं ट्रॅक्टरवरूनच खिशातून काढून खाली टाकलं. मी ते विंचला जोडलं.

"मेहबूबभाई," मी ओरडलो, "चार बोटं वर घेतो. पाय निघाला की आवाज द्या."

"चारच. पाच घेऊ नका."

बटण दाबलं. विंच गुरगुरली. तार ताणली. माझी नजर ठोकळ्यांवर होती. वरचा ठोकळा करकरला, पण हलला नाही. एक बोट. दोन. तीन.

"निघाला!"

बटण सोडलं. सोलावर दहा जणांनी हात घातले आणि मेहबूबभाईंना हातानं वर ओढून घेतलं. घोट्याच्या वर कातडी सोलली होती, पाय काळानिळा, आणि पुढं दवाखान्यात निघालं की हाडाला चीर होती. ते काठावर बसले. सुमनबाईंनी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. दत्ता ट्रॅक्टरवरून उतरून त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि रडू लागला.

"रडू नकोस," मेहबूबभाई म्हणाले. "रडायचं असंल तर तिकडं जाऊन रड. मला ह्यांना विचारू दे." मग माझ्याकडं वळून: "मिस्त्री, चाक का मोडलं?"

मी सांगितलं. चकती, दुसरी चकती, पिन.

"तुम्हाला आधी दिसलं होतं?"

"हो. अलाइनमेंटच्या दिवशी."

"मग?"

"दत्ताला सांगितलं. कार्डावर लिहून सही घेतली."

पायाकडं बघत ते म्हणाले, "मी बी तिथंच हुतो ना त्या दिशी?"

"होतात."

"खाली उतरणारा मी. कागद दत्ताला." एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मग लोकांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं.

मी वार्ताहर होतो तेव्हा अशा बातमीत शेवटी एक ओळ असायची: संबंधितांना पूर्वसूचना देण्यात आली होती. ती ओळ मी अनेकदा लिहिली आहे. संबंधित म्हणजे नेमके कोण, हे एकदाही लिहिलं नाही.

दत्तानं स्ट्रट मागवले. आता दिवस किती लागतील हे त्यानं विचारलं नाही. मी लांब शॉकअप आणि जाड स्प्रिंगचे दोन्ही स्ट्रट बसवले, बॉल जॉइंट नवे घातले. पुढची दोन्ही चाकं अधांतरी लोंबवून बघितली. पिन मधोमध, कडेला भरपूर जागा. नाक बरोबर दोन इंच वर. विंचसकट वजन घेऊनही बसलं नाही.

मेहबूबभाईंचं प्लास्टर निघाल्यावर ते गॅरेजवर आले. थोडं लंगडत होते. गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली आणि बॅटरी माझ्या हातातून घेऊन स्वतः खाली उतरले. बराच वेळ बघितलं.

"ही पिन ती?"

"ती."

"हिला आता जागा हाय?"

"आहे."

"चला मग. सुमनबाईंची मोटर दोन पाइप खाली सोडायची हाय. पाणी गेलंय."

मला वाटलं, मला साक्षीला नेतायत. विहिरीवर पोचलो. दत्तानं गाडी लावली, या वेळी मुरमावर नाही, कातळावर. चाकांना अडणी लावली, तार कप्पीवरून घेतली, पाळणा आकड्याला अडकवला. मेहबूबभाईंनी पाळणा हातानं थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

"बसा."

"मी?"

"आमच्यात रीत हाय मिस्त्री. नवीन तार जोडली, की ज्यानं जोडली त्यानं पहिली खेप उतरायचं. मग आमी उतरतो. आता तार तुमच्या स्ट्रटवर हाय."

"मेहबूबभाई, माझी साठी झाली आहे."

"माझी बी छप्पन्न झाली. विहीर वय इचारत न्हाय."

दत्ता म्हणाला, "जाऊ द्या की भाई, मिस्त्री मोठे हायेत." मेहबूबभाईंनी पाळणा काठाला ओढून धरला.

मी चपला काढल्या आणि बसलो. कमरेचा सोल त्यांनी स्वतः बांधला. गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली, पुन्हा ओढून पाहिली. सोलाचं दुसरं टोक झाडाला कसं बांधलंय तेही जाऊन बघून आले. मग दत्ताला खूण केली.

खाली जाताना आधी ऊन गेलं, मग वारा गेला. दगडांच्या सांध्यातून पारव्यांची विष्ठा दिसत होती. तीन-चार परस उतरल्यावर वरचं आभाळ ताटाएवढं राहिलं. तळाला पाण्याचा काळा ठिपका आणि बोअरचं लोखंडी तोंड. पाळणा थांबला. मी पाइप बघितला, पकड बघितली, करण्यासारखं काही नव्हतं.

"वर घ्या," मी ओरडलो. आवाज भिंतीवरून फिरून माझ्याकडंच आला.

काठावर मेहबूबभाईंचं डोकं दिसलं. "ठीक हाय ना?"

"ठीक आहे. घ्या वर."

"जरा थांबा. सुमनबाईंनी चहा आणलाय. गार होईल."

"किती वेळ?"

"बसा की निवांत. स्ट्रट चांगले बसवलेत म्हणला न्हवं?"

डोकं मागं गेलं. वर कपबशा वाजल्या. कुणी काही बोललं, कुणी हसलं, मग तेही थांबलं. भिंतीतून एक खडा सुटून पाण्यात पडला आणि मी दोन्ही हातांनी दांडी धरली. गाडी मला दिसत नव्हती. दिसत होती फक्त तार, कप्पीपासून माझ्या डोक्यापर्यंत. मी तिच्याकडं बघत राहिलो. ती किंचित हलली की मी कमरेची गाठ चाचपायचो, आणि मग लक्षात यायचं की तार माझ्याच हालचालीनं हलते आहे.

मी पुन्हा हाक मारली नाही.